संगणकाची प्रणाली बदलली. माऊस हाताला कसा लावून घ्यावा?

पेण शहर आणि त्याच्या परिसरातील हमरापूर, जोहे या गावांमधील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत गणेशोत्सवाच्या कितीतरी आधीपासून मागणी नोंदवण्याची लगबग सुरू होते. कोणत्या व्यापाऱ्याला किती उंचीच्या किती मूर्ती द्यायच्या, आगाऊ रक्कम किती आली, गाडी कोणत्या दिवशी भरायची, हा हिशेब आता वहीबरोबर संगणकातही ठेवला जातो. तिकडे रोह्यात धाटाव औद्योगिक वसाहतीतून निघणाऱ्या मालाची चलने आणि करसल्लागारांकडील विवरणपत्रे यांचे कामही संगणकाशिवाय हलत नाही. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे एकाच यंत्रावर बसणाऱ्या माणसाला माऊसकडे पाहावेही लागत नाही. हात आपोआप जागेवर जातो. मात्र एखाद्या दिवशी संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम बदलली जाते आणि तोच सराईत हात नवशिक्याचा वाटू लागतो.

पॉइंटर बटण ओलांडून पुढे निघून जातो. पान खाली सरकवावे तर ते वर सरकते. दोनदा क्लिक केले तरी फाइल उघडत नाही, उलट शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. अशा वेळी साधारणपणे दोनच निष्कर्ष काढले जातात : माऊस तरी बिघडला, किंवा काम करणाऱ्याचे वय तरी झाले. बहुतेक वेळा हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. हात आणि माऊस दोन्ही पूर्वीचेच असतात. बदललेली असते ती हाताच्या हालचालीचा अर्थ लावण्याची पद्धत. ती पद्धत आपल्या सवयीला जुळवून घेणे हे जेमतेम अर्ध्या तासाचे काम आहे.

बदलाची वेळ का आली?

विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक ठरवला. त्यामुळे उत्तम चालणारे अनेक संगणक या अटींत बसले नाहीत. अशा यंत्रांच्या मालकांपुढे नवा संगणक घेणे किंवा जुन्यावर उबुंटू, लिनक्स मिंट यांसारखी विनामूल्य प्रणाली बसवणे, असे पर्याय उरले. काही घरांत मुलांनी घेतलेला मॅक संगणक आई-वडिलांच्याही वापरात आला.

यात पैशाचा प्रश्न आहे, तसाच आत्मविश्वासाचाही. २००० च्या दशकात 'एमएस-सीआयटी'सारख्या अभ्यासक्रमांतून जी पिढी संगणक शिकली, तिचा हात विंडोजवरच बसला. नवी प्रणाली पहिल्या दिवशी नकोशी वाटण्यामागे अनेकदा कोणतीही मोठी उणीव नसते, केवळ पॉइंटरचे हे अनोळखी वागणे असते. त्यापायी चांगली प्रणाली काढून टाकली जाते, नवा माऊस विकत आणला जातो, किंवा अनुभवी माणूस 'हे आता आपल्याला जमणार नाही' असे म्हणून बाजूला होतो.

तोच माऊस, वेगळे नियम

रोहे स्थानकात मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. गाडी तीच, प्रवासी तेच. पुढचा कारभार मात्र दुसऱ्या प्रशासनाचा असतो. प्रणाली बदलल्यावर माऊसचे असेच होते.

डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माऊस तयार केला. तेव्हापासून मूळ तत्त्व कायम आहे : माऊस केवळ आपण किती सरकलो एवढेच संगणकाला कळवतो. पॉइंटर पडद्यावर किती पुढे न्यायचा, हे प्रणाली ठरवते. उदाहरणार्थ, ८०० डीपीआय क्षमतेचा माऊस एक इंच सरकला, की तो ८०० नोंदी पाठवतो. एका नोंदीला पडद्यावरचा एक ठिपका, असा सरळ हिशेब ठेवला, तर १९२० ठिपके रुंदीचा पडदा ओलांडण्यासाठी हात २.४ इंच, म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटर हलवावा लागेल.

प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो. हात सावकाश हलवला तर पॉइंटर थोडा सरकतो आणि तेवढेच अंतर झटक्यात कापले तर तो बराच पुढे जातो. याला प्रवेग किंवा 'ॲक्सलरेशन' म्हणतात. बारीक काम अचूक व्हावे आणि पडद्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला लवकर पोहोचता यावे, हा त्यामागचा हेतू. मात्र वेग किती वाढल्यावर पॉइंटर किती पळवायचा, याचे गणित विंडोज, मॅकओएस आणि लिनक्समध्ये वेगवेगळे असते. जुन्या गणिताची सवय झालेला हात नव्या गणितात हुकतो, तो यामुळेच.

आधी हे तपासा

सेटिंगला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली, माऊसच्या खालची बाजू. मूर्तिकामाच्या ठिकाणी माती आणि प्लास्टरची बारीक धूळ उडत असते. ती प्रकाशकिरणाच्या छिद्रात बसली, तर पॉइंटर उड्या मारू शकतो. कोरड्या मऊ कापडाने किंवा कापसाच्या काडीने ती पुसून घ्यावी. काचेच्या अथवा चकचकीत टेबलावर साधा माऊस नीट चालत नाही. खाली पॅड किंवा जाड कागद ठेवावा. बिनतारी माऊस असल्यास बॅटरीही पाहावी.

दुसरी गोष्ट म्हणजे पडद्याची ठिपकेसंख्या, अर्थात रिझोल्यूशन. १३६६ ठिपके रुंदीच्या पडद्यावरून १९२० ठिपक्यांच्या पडद्यावर आल्यास तोच पॉइंटर संथ वाटतो, कारण त्याला कापायचे अंतर वाढलेले असते. म्हणून पडदा आधी योग्य रिझोल्यूशनवर आणावा आणि मगच माऊसकडे वळावे. तिसरी गोष्ट, माऊसवर चाकामागे एखादे छोटे बटण आहे का ते पाहावे. अनेक माऊसमध्ये ते डीपीआय बदलण्यासाठी असते आणि चुकून दाबले गेले, की पॉइंटर एकाएकी सुसाट धावू लागतो.

कोणत्या प्रणालीत काय बदलावे?

विंडोज ११ : 'सेटिंग्ज'मधील 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' या विभागात 'माऊस' हा पर्याय आहे. पॉइंटरचा वेग आणि मुख्य बटण तेथे बदलता येते. त्याच पानावरील 'ॲडिशनल माऊस सेटिंग्ज' उघडल्यास जुन्या विंडोजपासून परिचित असलेली चौकट समोर येते. तिच्या 'पॉइंटर ऑप्शन्स' भागात वेगाची पट्टी अकरा टप्प्यांची असून मधला, म्हणजे सहावा टप्पा मूळ वेगाचा असतो. खाली 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' अशी खूण दिसते. नावावरून ती अचूकता वाढवणारी वाटली, तरी प्रत्यक्षात ती प्रवेग चालू-बंद करते. मॅक किंवा लिनक्सवरून विंडोजवर आलेल्यांनी ही खूण काढून आणि ठेवून, दोन्ही प्रकारे काम करून पाहावे.

मॅकओएस : विंडोजची सवय असलेल्यांना येथे पहिला धक्का बसतो तो पान सरकवताना. २०११ मध्ये आलेल्या 'लायन' आवृत्तीपासून मॅकमध्ये 'नॅचरल स्क्रोलिंग' मुळातच चालू असते. मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरवावे तसे पान बोटाच्या दिशेने सरकते. 'सिस्टिम सेटिंग्ज'मधील 'माऊस' विभागात ते बंद करता येते. मात्र त्याबरोबर ट्रॅकपॅडची दिशाही बदलते, हे लक्षात ठेवावे. वेगासाठी 'ट्रॅकिंग स्पीड' ही पट्टी आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत 'ॲडव्हान्स्ड' या बटणामागे प्रवेग बंद करण्याची सोयही आहे. उजवे क्लिक होत नसल्यास 'सेकंडरी क्लिक' हा पर्याय पाहावा. तोपर्यंत कंट्रोल ही कळ दाबून साधे क्लिक केले तरी काम भागते. ट्रॅकपॅडवर नुसत्या स्पर्शाने क्लिक हवे असेल, तर 'टॅप टू क्लिक' चालू करावे लागते.

लिनक्स : उबुंटूच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'माऊस अँड टचपॅड' हा विभाग आहे. पॉइंटरचा वेग, प्रवेग, सरकवण्याची दिशा आणि मुख्य बटण हे सारे तेथेच मिळते. माऊस आणि टचपॅड यांची दिशा स्वतंत्र ठेवता येते, ही येथील सोय. लिनक्स मिंटमध्येही याच नावाचा विभाग आहे. प्रवेगाचे मुख्य प्रकार दोन : 'ॲडॅप्टिव्ह' म्हणजे हाताच्या वेगानुसार बदलणारा आणि 'फ्लॅट' म्हणजे सर्व वेगांना एकसारखा. विंडोजमध्ये प्रवेगाची खूण काढून काम करणाऱ्यांना 'फ्लॅट' जवळचा वाटेल.

लिनक्सची आणखी दोन वैशिष्ट्ये माहीत असावीत. अनेक ठिकाणी मजकूर निवडून चाकाचे बटण दाबले, की तो मजकूर दुसरीकडे चिकटतो. पान सरकवताना चाक चुकून दाबले गेल्यास अर्जाच्या किंवा हिशेबाच्या रकान्यात भलताच मजकूर उमटतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. दुसरे म्हणजे, केडीई या मांडणीत २०२४ मध्ये आलेल्या 'प्लाझ्मा ६'पूर्वी एकाच क्लिकने फाइल उघडत असे. सवयीने दोनदा क्लिक करणाऱ्यांच्या फायली त्यामुळे दोनदा उघडत. जुन्या आवृत्तीवर हा अनुभव आल्यास सेटिंगमध्ये दोन क्लिकचा पर्याय निवडावा.

एका वेळी एकच बदल

वेग, प्रवेग आणि दिशा एकाच दमात बदलल्या, तर कशामुळे फरक पडला हे कळत नाही. सर्वप्रथम सरकवण्याची दिशा ठरवावी. ती सर्वांत जास्त खटकते आणि तिचा निकाल तात्काळ लागतो. त्यानंतर वेग ठरवावा. त्यासाठी साधी कसोटी अशी : पॉइंटर पडद्याच्या डाव्या कडेला ठेवावा, मनगट न उचलता सहजपणे हात उजवीकडे न्यावा आणि तो दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचतो का ते पाहावे. मग खिडकी बंद करण्याच्या लहानशा खुणेवर पाच वेळा नेम धरावा. पॉइंटर सतत पुढे जात असेल तर वेग एक टप्पा कमी करावा, अलीकडेच थांबत असेल तर वाढवावा. प्रवेगाचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. जुळवलेले सेटिंग किमान दोन-तीन दिवस तसेच राहू द्यावे. हाताला नवी सवय लागायला वेळ द्यावा लागतो; दर तासाला पट्टी हलवल्यास ती कधीच लागत नाही.

कार्यालयात एका संगणकावर दोघे-तिघे काम करत असतील, तर प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असणे हिताचे. माऊसची बहुतेक सेटिंग्ज खात्यानुसार जपली जातात. डावखुऱ्या व्यक्तीने बटणांची अदलाबदल केली, तरी मग दुसऱ्याचा खोळंबा होत नाही.

ज्येष्ठांसाठी विशेष

दोन क्लिकमधील अंतर जास्त पडले, की संगणक त्यांना दोन वेगळी क्लिक समजतो. विंडोजमध्ये ही मर्यादा मुळात अर्ध्या सेकंदाची असते. बोटे थोडी मंदावलेल्यांना ती अपुरी पडते आणि दुसऱ्या क्लिकच्या वेळी हात हलल्यास फाइल ओढली जाते. तिन्ही प्रणालींत ही मर्यादा वाढवता येते. विंडोजमध्ये ती माऊसच्या जुन्या चौकटीत, तर मॅक व उबुंटूमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' विभागात सापडते. पॉइंटरचा आकार मोठा करण्याची सोयही तिन्हींकडे याच 'ॲक्सेसिबिलिटी' विभागात आहे.

पडद्यावर पॉइंटर हरवत असेल, तर विंडोज आणि उबुंटूमध्ये कंट्रोल कळ दाबताच त्याची जागा दाखवणारा पर्याय चालू करता येतो. मॅकवर माऊस भराभर हलवला, की पॉइंटर क्षणभर मोठा होतो. चुकून एखादी फाइल भलत्या ठिकाणी गेलीच, तर घाबरून शोधाशोध करण्याआधी लगेच कंट्रोल व झेड या कळा एकत्र दाबाव्यात. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. बहुतेक वेळा फाइल मूळ जागी परतते.

नव्या प्रणालीवरचा पहिला दिवस विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला किंवा गणपतीच्या ऐन हंगामात येऊ नये, एवढी काळजी मात्र घ्यावी. शक्य असेल तर बदल कामाच्या सुस्तीच्या दिवसांत करावा आणि पहिला अर्धा तास केवळ माऊससाठी राखून ठेवावा. हिशेब कसा लिहायचा, चलन कसे काढायचे, हे ज्ञान माणसाजवळच असते. ते प्रणालीबरोबर जात नाही. पॉइंटर दोन बोटे पुढे गेला म्हणून वीस वर्षांचा अनुभव मागे पडत नाही. पट्टी एक टप्पा मागे घ्यावी आणि काम पुढे चालू ठेवावे.