सिकलसेल : पँथरचे नाव घेतले, रक्ततपासणीचे काय?

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आले, हे चळवळीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. ब्लॅक पँथर म्हटले की काळी जाकिटे, बंदुका आणि आवळलेल्या मुठी डोळ्यांसमोर येतात. पण हेच पँथर काळ्या वस्त्यांत फिरून लोकांच्या बोटाला सुई टोचत होते, रक्त तपासत होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? ते शोधत होते तो आजार सिकलसेल. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांत आज मुले ज्याने तळमळतात तो हाच आजार. म्हणून हा इतिहास आपलाही आहे.

या आजारात गोल, लवचीक लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात, हाडे-सांधे असह्य दुखतात, पांथरी निकामी होते आणि लहान मुले साध्या जंतुसंसर्गाने दगावतात. वैद्यकशास्त्रात याची पहिली नोंद १९१० ची, शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांची. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला काळा तरुण, वॉल्टर क्लेमेंट नोएल. त्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशी आधी दिसल्या त्या अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला. हेरिक यांचे नाव इतिहासात गेले. नोएल १९१६ साली ऐन तिशीत न्यूमोनियाने वारला.

पुढे काय झाले? अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याला 'निग्रो रक्ताचा आजार' ठरवून टाकले. एखाद्या गोऱ्या माणसात तो सापडला, तर निदानावर नाही, त्याच्या पूर्वजांवर संशय घेतला जाई! विज्ञानाने मात्र हा वर्णवाद टिकू दिला नाही. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की ज्याला आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळते, त्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणून जिथे मलेरिया होता तिथे हे जनुक टिकले. आफ्रिकेत टिकले, तसे ग्रीसमध्ये, अरबस्तानात आणि भारतातही टिकले. व्हर्नन इन्ग्राम यांचा या हिमोग्लोबिनमधला नेमका फरक दाखवणारा शोधनिबंध १३ ऑक्टोबर १९५६ च्या 'नेचर'मध्ये आला. दुसऱ्याच दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. हा निव्वळ योगायोग. पण 'अशुद्ध रक्त' ही कल्पना एका बाजूने प्रयोगशाळेत आणि दुसऱ्या बाजूने दीक्षाभूमीवर मोडत होती, एवढे खरे.

कारण कळले, मग उपचार का नाही आले? कारण संशोधनाला पैसा लागतो आणि पैसा कुणाच्या मुलांसाठी खर्च करायचा हे सत्ता ठरवते. १९७० साली डॉ. रॉबर्ट स्कॉट यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९६७ सालचा हिशेबच मांडला. त्या वर्षी सिकलसेलचे अंदाजे १,१५५ नवे रुग्ण आणि स्नायूंच्या मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजाराचे ८१३. स्वयंसेवी संस्थांनी मस्क्युलर डिस्ट्रॉफीसाठी ७९ लाख डॉलर जमवले. सिकलसेलसाठी एक लाखही नाही. रुग्ण जास्त, पैसा नाममात्र. याला निसर्गाचा कोप म्हणायचे की व्यवस्थेचा निर्णय?

ब्लॅक पँथरने याचे उत्तर रस्त्यावर दिले. १९७१ मध्ये त्यांनी सिकलसेलची मोहीम उघडली. मोफत दवाखाने काढले, पत्रके वाटली, आपल्या वृत्तपत्रात या उपेक्षेला वंशसंहार म्हटले. १९७२ मध्ये त्यांच्या दहा कलमी कार्यक्रमात मोफत आरोग्यसेवेची मागणी आली. विषय आता सरकारला टाळता येत नव्हता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ च्या आरोग्यविषयक संदेशात सिकलसेलसाठी जादा निधी जाहीर केला होताच. मे १९७२ मध्ये सिकलसेल नियंत्रणाचा राष्ट्रीय कायदा झाला. एकट्या पँथरने हे केले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. काळे डॉक्टर, रुग्णांचे पालक, छोट्या संस्था आधीपासून झगडत होत्या. पण संघटित लोकांचा रेटा नसता तर स्कॉट यांचा हिशेब कपाटातच राहिला असता.

त्या पैशातून आणि संशोधनातून काय मिळाले ते बघा. १९८६ मध्ये एका चाचणीत लहान रुग्णांना दिवसातून दोनदा पेनिसिलीन दिले, तेव्हा न्यूमोकोकस जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. पेनिसिलीन तर कधीचेच बाजारात होते! अडले होते ते फक्त या मुलांवर अभ्यास करण्यावाचून. १९९५ मध्ये हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात हे सिद्ध झाले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

मात्र याच इतिहासात एक इशाराही आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांनी घाईघाईने सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. वाहक आणि रुग्ण यातला फरक न समजल्याने धडधाकट वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. समुपदेशनाशिवाय तपासणी म्हणजे नवा शिक्का. आपल्याकडे हा शिक्का लग्नाच्या बैठकीत बसतो, आणि बहुतेक वेळा मुलीच्याच कपाळी.

आता भारताकडे वळू. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हे जनुक सापडल्याची नोंद झाली. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. म्हणजे आपल्या भागातला हा आजार साठ-पासष्ट वर्षांहून अधिक काळ कागदावर आहे. देशव्यापी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले जुलै २०२३ मध्ये. त्याचा भर आदिवासी क्षेत्रांवर आहे आणि तो हवाच. पण विदर्भात हा आजार अनुसूचित जातींत आणि काही ओबीसी जातींतही आहे. योजनेच्या नकाशाबाहेरच्या वस्तीतल्या मुलाचे काय, हा प्रश्न आदिवासी आणि बौद्धांनी मिळून विचारायचा आहे. एकमेकांच्या ताटात बघत नाही.

आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला, पण सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणात रक्ताच्या आजारांना जागा नाही. दिव्यांग म्हणून प्रमाणपत्र द्यायचे आणि नोकरीच्या दारात थांबवायचे, हा कुठला न्याय?

आणि आता जातीचा मुद्दा. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. समजा एका जातीत पाचात एक वाहक आहे आणि सगळी लग्ने जातीतच होतात. मग दर २५ जोडप्यांत एक जोडपे असे, की दोघेही वाहक. म्हणजे शंभर बाळांमागे एक रुग्ण. हेच लग्न हे जनुक नसलेल्या समूहात झाले, तर मूल वाहक होऊ शकेल, सिकलसेलचा रुग्ण होणार नाही. नोएल वारला त्याच १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी मांडले होते की जातिसंस्थेचा प्राण सजातीय विवाहात आहे. हे जनुक जात बघून जन्मले नाही. जातीने त्याला वस्तीत कोंडून ठेवले. आंतरजातीय विवाह हे औषध नाही, तपासणी तरीही हवीच. पण जातिअंताचा लढा आरोग्याचाही लढा आहे, हे इथे आकड्यांत दिसते.

मग करायचे काय? आपल्याकडे बुद्धविहारे आहेत, वस्तीगृहे आहेत, १४ एप्रिलची गर्दी आहे. लग्न ठरण्याच्या आधी, म्हणजे कॉलेजच्या वयातच, दोघांनीही तपासून घ्यायचे. अहवाल गुप्त राहील आणि 'वाहक म्हणजे आजारी नव्हे' हे समजावणारा माणूस शेजारी असेल, अशी सोय करायची. तालुक्याच्या दवाखान्यात हायड्रॉक्सियुरिया आणि मुलांचे पेनिसिलीन आहे की नाही ते जाऊन विचारायचे. नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाकायचा. जन्मतःच तपासणी सर्व सरकारी प्रसूतिगृहांत मागायची. डीजेचा एक दिवसाचा खर्च एका शिबिराला पुरतो.

विदर्भातल्या रुग्णांच्या पालकांनी आपापल्या बळावर संघटना उभ्या करून हे काम चालवले आहे. त्यांना एकटे पाडू नका. पँथरची डरकाळी आपण अभिमानाने घेतली. आता त्यांची सुईही हातात घ्या.

जय भीम!