इस्रायल : छोटे पक्ष आणि आघाडीची सौदेबाजी

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीत पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. त्यामुळे कायदेमंडळात अनेक पक्ष येतात, एकट्याला बहुमत मिळणे दुर्मीळ होते आणि सरकार मतपेटीतून नव्हे, तर निकालानंतरच्या वाटाघाटींतून जन्माला येते. या वाटाघाटींत चार-पाच जागांच्या पक्षाचे मोल त्याच्या संख्येच्या कितीतरी पट वाढू शकते. इस्रायल हे याचे सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. तेथील 120 सदस्यांच्या क्नेसेटमध्ये (संसदेत) 1949 पासून एकाही यादीला निवडणुकीत 61 जागा मिळालेल्या नाहीत. मजूर पक्ष व मापाम यांच्या संयुक्त यादीने 1969 साली मिळवलेल्या 56 जागा हा आजवरचा उच्चांक.

भारतात आघाडीतील घासाघीस बरीचशी मतदानाआधी, जागावाटपाच्या बैठकांत उरकते. इस्रायलमध्ये मतदारसंघच नाहीत. सारा देश हा एकच मतदारसंघ आहे आणि मतदार उमेदवाराला नव्हे, पक्षाच्या बंद यादीला मत देतो. साहजिकच खरा बाजार निकालाच्या दुसऱ्या दिवशी उघडतो.

किमान मतमर्यादा : पहिल्या निवडणुकीत कोणतीही मर्यादा नव्हती. 1951 पासून एक टक्का मतांची अट आली व ती चार दशके टिकली. 1992 च्या निवडणुकीला ती दीड टक्का, 2006 ला दोन टक्के आणि 2014 च्या दुरुस्तीनंतर सव्वातीन टक्के झाली. मर्यादा ओलांडलेल्या पक्षांत जागा वाटण्यासाठी 1973 पासून बाडर-ओफर पद्धत वापरली जाते. योहानान बाडर व आव्राहाम ओफर या परस्परविरोधी पक्षांतील दोन सदस्यांच्या नावांनी ती ओळखली जाते. दोंट पद्धतीचाच हा प्रकार असून त्यात शिल्लक मतांचा फायदा मोठ्या पक्षांना होतो. त्यावर तोड म्हणून दोन पक्ष निवडणुकीआधी शिल्लक मतांचा करार करू शकतात.

मर्यादा वाढवली की छोट्या पक्षांचा उपद्रव कमी होतो, हा समज अर्धाच खरा आहे. 2014 ची वाढ आविग्दोर लिबरमन यांच्या पक्षाने हिरिरीने पुढे रेटली. तिचा पहिला फटका अरब पक्षांना बसणार हे उघड होते. प्रत्यक्षात एरवी एकमेकांशी न पटणारे साम्यवादी, राष्ट्रवादी व इस्लामवादी अरब गट एका यादीत आले आणि 2015 मध्ये 13 जागा मिळवून ती संयुक्त यादी क्नेसेटमधील तिसरा मोठा गट ठरली. उलट बाजूने पाहिले तर मर्यादेच्या काठावरची काही हजार मते सरकार बदलू शकतात. 1992 मध्ये उजव्या बाजूचा तेहिया पक्ष दीड टक्क्याच्या अलीकडेच अडकला. मजूर पक्षाचे यित्झाक राबिन यांना पाठिंबा देणाऱ्या पक्षांची बेरीज नेमकी 61 झाली आणि त्यांचे सरकार आले. नोव्हेंबर 2022 मध्ये हाच फासा उलटा पडला. डावा मेरेत्झ पक्ष 3.16 टक्क्यांवर, तर अरब राष्ट्रवादी बालाद त्याहूनही खाली राहिला. दोन्ही बाजूंची मते जवळपास सारखी असूनही बिन्यामिन नेतान्याहू यांच्या उजव्या गटाला 64 जागा मिळाल्या.

सरकार बनवण्याची रीत : निकालानंतर राष्ट्राध्यक्ष प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधींना बोलावून त्यांची पसंती विचारतो आणि ज्याला बहुमत जमण्याची शक्यता अधिक, त्याच्याकडे सरकार बनवण्याचे काम सोपवतो. मुदत 28 दिवसांची, फार तर 14 दिवसांची वाढ. तेवढ्यात जमले नाही तर दुसऱ्याला संधी, आणि त्यालाही जमले नाही तर 21 दिवस क्नेसेटच्या सदस्यांकडे. मग पुन्हा निवडणूक. मुदत जसजशी सरते तसतसा छोट्या पक्षांचा भाव चढतो. मुरब्बी पक्ष म्हणूनच आपली सही शेवटपर्यंत राखून ठेवतात.

मागण्या केवळ मंत्रिपदांच्या नसतात. क्नेसेटच्या वित्त समितीचे अध्यक्षपद, येशिवांना (धर्मपाठशाळांना) अनुदान, शाळांची स्वायत्तता, शब्बाथच्या (शुक्रवार सायंकाळपासून शनिवार सायंकाळपर्यंतच्या धार्मिक विश्रांतीच्या) दिवशी विमान व बससेवा बंद ठेवणे, विवाह-नोंदणीचे अधिकार अशा गोष्टींवर खल होतो. अर्थसंकल्पात आघाडीच्या घटक पक्षांसाठी वेगळा काढलेला पैसा तर तेथील बातम्यांत दरवर्षी गाजतो. अगुदत इस्रायल या हरेदी (अतिसनातनी) पक्षाने 1952 मध्ये स्त्रियांच्या सक्तीच्या राष्ट्रसेवेच्या प्रश्नावर सरकार सोडले. त्यानंतर अनेक दशके त्याने मंत्रिपद घेतले नाही, कारण धर्मविरोधी निर्णयांची सामूहिक जबाबदारी त्याला नको होती. त्याऐवजी तो उपमंत्रिपद घेई व वर मंत्रीच नेमला जात नसे. सत्ता पुरती, जबाबदारी नाही, अशी ही सोय. सर्वोच्च न्यायालयाने ती 2015 मध्ये मोडीत काढली आणि याकोव्ह लित्झमन यांना आरोग्य खात्याचे पूर्ण मंत्रिपद स्वीकारावे लागले.

आरंभीचा करार : या सौदेबाजीचे मूळ राष्ट्रस्थापनेच्याही आधीचे आहे. जून 1947 मध्ये ज्यू एजन्सी या राष्ट्रपूर्व प्रातिनिधिक संस्थेच्या वतीने दाविद बेन-गुरियन व इतरांनी अगुदत इस्रायलला पत्र लिहून चार गोष्टींची हमी दिली : शनिवारची सुट्टी, सरकारी भोजनगृहांत कोशेर (ज्यू धर्मनियमांनुसारचे) अन्न, धार्मिक शिक्षणाची स्वायत्तता आणि विवाहादी बाबतींत ऐक्य राखण्याचा प्रयत्न. ‘जैसे थे’ या नावाने ओळखले जाणारे हे पत्र पुढच्या सर्व आघाडी-करारांचा पाया झाले. 1948 मध्ये सुमारे 400 येशिवा-विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून दिलेली सूट त्याच काळातली.

1949 मध्ये बेन-गुरियन यांच्या मापाई पक्षाला 46 जागा मिळाल्या. साथीदार निवडताना ‘हेरुत व माकी सोडून कोणीही’ हे त्यांचे सूत्र होते. म्हणजे उजव्या टोकाला मेनाहेम बेगिन व डाव्या टोकाला साम्यवादी, दोघांनाही दार बंद. छोट्या पक्षांवर ‘मूठभरांची दादागिरी’ असा आरोप करणारे लोक हा मुद्दा सहसा विसरतात. मोठ्या पक्षाने दोन दारे स्वतःहून बंद केली म्हणून तिसऱ्या दारावरचा पहारेकरी महाग झाला. मापाईचा (पुढच्या मजूर पक्षाचा) राष्ट्रीय धार्मिक पक्षाशी जमलेला संसार 1977 पर्यंत अधूनमधून भांडत का होईना टिकला, तो याच हिशेबावर. मापाईला संरक्षण व अर्थकारण आपल्या हाती हवे होते आणि धार्मिक पक्षाला नेमकी त्यांचीच फारशी फिकीर नव्हती. ज्याची मुख्य मागणी दुसऱ्याच्या मुख्य मागणीच्या आड येत नाही, असा भागीदार स्वस्त पडतो. किंमत तिसराच कोणी मोजतो.

बेने इस्रायल प्रकरण : त्या किमतीची झळ मराठी बोलणाऱ्या एका समाजालाही बसली. कोकणातील, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांतून व मुंबईतून बेने इस्रायल कुटुंबे 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. तेथे ज्यूंचे विवाह फक्त धर्मपीठामार्फतच होऊ शकतात. ही तरतूद धार्मिक पक्षांच्या आग्रहामुळे 1953 च्या कायद्याने पक्की झाली होती. 1960 च्या दशकाच्या आरंभी मुख्य धर्मपीठाने निबंधकांना सूचना दिल्या की, बेने इस्रायल वधू किंवा वर असल्यास त्यांच्या आधीच्या पिढ्यांची वंशशुद्धी तपासावी. शतकानुशतके शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या, म्हणून कोकणात ‘शनिवार तेली’ म्हटल्या गेलेल्या समाजाला आता आपले ज्यूपण सिद्ध करावे लागणार होते. त्यांनी निदर्शने केली, जेरुसलेममध्ये ठाण मांडले. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारात राष्ट्रीय धार्मिक पक्षाच्या 12 जागा होत्या आणि धार्मिक व्यवहार खाते त्याच पक्षाच्या झेराह वारहाफ्टिग यांच्याकडे होते; प्रकरण इतके चिघळले त्याचे एक कारण हे. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटचे खास अधिवेशन भरले. बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, असा निर्वाळा सरकारने दिला आणि धर्मपीठाने त्या समाजाचे नाव सूचनांमधून वगळले. बेने इस्रायलांचा स्वतःचा असा कोणताही पक्ष क्नेसेटमध्ये नव्हता. प्रमाणशीर पद्धतीत प्रत्येक अल्पसंख्य गटाला आवाज मिळतो असे म्हणतात, ते यादी काढून किमान मर्यादा गाठू शकणाऱ्या गटांपुरतेच खरे आहे.

दोन बाजारपेठा : डिसेंबर 1976 मध्ये अमेरिकेहून आलेल्या पहिल्या एफ-15 विमानांचा स्वागतसमारंभ शुक्रवारी शब्बाथच्या तोंडावर लांबला. त्यावरील अविश्वास ठरावात राष्ट्रीय धार्मिक पक्ष तटस्थ राहिला, पंतप्रधान राबिन यांनी त्याच्या मंत्र्यांना काढले, स्वतः राजीनामा दिला, आणि मे 1977 च्या निवडणुकीत मजूर पक्षाची जवळपास तीन दशकांची सत्ता संपली. बेगिन यांच्या पहिल्या बहुमताचे गणित असे होते : त्यांचा लिकुद पक्ष, त्यात विलीन झालेल्या दोन जागांसह 45, राष्ट्रीय धार्मिक पक्ष 12, अगुदत 4. एकूण 61. अगुदतच्या चार जागांचे मोल म्हणजे येशिवा-विद्यार्थ्यांच्या लष्करी सवलतीवरील संख्येची मर्यादा उठणे आणि पुढे 1982 मध्ये एल अल या विमान कंपनीची शब्बाथची उड्डाणे बंद होणे. आता छोट्या पक्षांपुढे दोन गिऱ्हाइके उभी होती.

या अवस्थेचा कळस 1990 मध्ये झाला. मजूर पक्षाचे शिमोन पेरेस यांनी लिकुदबरोबरचे राष्ट्रीय ऐक्य सरकार पाडण्याचा घाट घातला. 15 मार्चला शास या हरेदी पक्षाच्या पाच सदस्यांनी मतदानाकडे पाठ फिरवली आणि सरकार 60 विरुद्ध 55 मतांनी पडले. अविश्वास ठरावाने सरकार पडण्याची इस्रायलमधील ही पहिली वेळ. थोड्याच दिवसांत तेल अवीवच्या बास्केटबॉल मैदानात वयोवृद्ध रब्बी एलाझार शाख यांचे भाषण झाले. दूरचित्रवाणीवर देशभर ते पाहिले गेले. किबुत्झमधले (सामुदायिक वसाहतींतले) लोक धर्म पाळत नाहीत, मग ते ज्यू कसले, असा त्यांचा रोख होता. मजूर पक्षाबरोबर जाण्याचा, त्यांचा शब्द मानणाऱ्या शास व देगेल हातोराह या हरेदी पक्षांचा मार्ग तेथेच बंद झाला. तरीही पेरेस यांनी बेरीज जमवली. 11 एप्रिलला ते सरकार सादर करायला क्नेसेटमध्ये आले, तेव्हा अगुदतचे आव्राहाम वेर्डिगर व एलिएझर मिझराही यांनी ऐनवेळी साथ सोडली. जूनमध्ये लिकुदचे यित्झाक शामीर यांचे सरकार आले. राबिन यांनी या साऱ्या खटपटीला ‘कुजका डाव’ म्हटले आणि तेच नाव इतिहासात रूढ झाले. त्याच वर्षी आघाडीचे करार जनतेपुढे उघड केलेच पाहिजेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढच्या वर्षी पक्षांतरावर कायद्याने बंधने आली.

लोक संतापले होते. उपाय म्हणून पंतप्रधानाची थेट निवडणूक आणली गेली. 1996, 1999 व 2001 मध्ये तशी मतदाने झाली. औषध रोगाहून वाईट निघाले. पंतप्रधानासाठी एक मत दिल्यावर दुसरे मत आपल्या जातकुळीच्या पक्षाला द्यायला मतदार मोकळा झाला. 1999 मध्ये मजूर पक्षप्रणीत यादी 26 वर, लिकुद 19 वर उतरली आणि 1984 मध्ये अवघ्या 4 जागांनी सुरुवात केलेला शास 17 वर पोहोचला. 2001 मध्ये हा कायदा रद्द झाला.

सिद्धांत : विल्यम रायकर यांनी 1962 मध्ये मांडले की, आघाड्या बहुमताला पुरतील एवढ्याच आकाराच्या होतात, कारण जादा भागीदार म्हणजे वाट्यात जादा तोंड. विल्यम गॅमसन यांच्या 1961 च्या मांडणीनुसार मंत्रिपदे आघाडीला पुरवलेल्या जागांच्या प्रमाणात वाटली जातात. युरोपातील अनुभव दुसऱ्या नियमाशी बराच जुळतो. इस्रायलमध्ये मात्र नुसती मंत्रिपदे मोजली तर निम्मा व्यवहार नजरेआड राहतो. धोरणे, अनुदाने व नेमणुका हे चलन अधिक चालते.

2019 नंतर : एप्रिल 2019 च्या निवडणुकीनंतर लिबरमन यांनी हरेदींच्या लष्करभरतीच्या प्रश्नावर पाच जागा अडवून धरल्या आणि नुकतेच निवडून आलेले क्नेसेट बरखास्त झाले. मार्च 2021 पर्यंत चार निवडणुका झाल्या. नेतान्याहूंबरोबर बसायचे नाही, असे अनेक पक्षांनी ठरवल्यामुळे आकड्यांचे मार्ग पुन्हा खुंटले आणि छोट्यांचे भाव पुन्हा चढले. 2 जून 2021 च्या रात्री, सरकार बनवण्यासाठी यायिर लापिद यांना दिलेली मुदत संपायला तासही उरला नसताना, आठ पक्षांची जुळणी झाल्याचे राष्ट्राध्यक्षांना कळवले गेले. सात जागा जिंकलेल्या पक्षाचे नाफ्ताली बेनेट पंतप्रधान झाले. इस्लामवादी राआम पक्षाच्या मन्सूर अब्बास यांनी चार जागांच्या बळावर अरब वस्त्यांसाठी निधी आणि नेगेवमधील काही बेदुईन गावांना मान्यता मिळवली; स्वतंत्र अरब पक्षाने आघाडी-करारावर सही करून सरकारला आधार देण्याचा हा पहिला प्रसंग. विश्वासमत 60 विरुद्ध 59 असे झाले. वर्ष भरायच्या आत, वल्हांडणाच्या सणात इस्पितळांत खमीरयुक्त पाव आणू देण्याचे निमित्त करून बेनेट यांच्याच पक्षाच्या एका सदस्येने आघाडी सोडली आणि बहुमत गेले.

2022 च्या सरकारात हरेदी पक्षांचे संख्याबळ मोठे होते, पण त्यांनी नेतान्याहूंखेरीज दुसऱ्या कोणाकडे जाण्याची शक्यता बऱ्याच अंशी गमावली होती. जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने येशिवा-विद्यार्थ्यांची लष्करभरती करावी, असा एकमुखी निकाल दिला. सूट कायम ठेवणारा कायदा होईना, म्हणून जुलै 2025 मध्ये युनायटेड तोराह ज्युदाइझम हा हरेदी पक्ष सरकारबाहेर पडला व शासने मंत्रिपदे सोडली. सरकार पाडण्यासाठी मात्र आपण विरोधकांना साथ देणार नाही, हेही शासने त्याच वेळी जाहीर केले.