जैवरेणूंच्या कंपनांवरील द्रावक-परिणामाचे संगणकीय प्रतिरूपण

प्रथिने, पेप्टाइडे व अन्य जैवरेणूंची कंपने पाण्यात किंवा दुसऱ्या द्रावकात कशी बदलतात, याचे संगणकाद्वारे गणन करण्याच्या पद्धतींना द्रावक-परिणामाचे प्रतिरूपण म्हणतात. अवरक्त आणि रामन वर्णपटांचा अर्थ लावण्यासाठी या पद्धती उपयोगी पडतात.

महत्त्व

ग्लायसीन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल पाण्यात मुख्यत्वे द्विध्रुवी आयनाच्या रूपात असते. द्रावक वगळून गणन केल्यास हे रूप सहसा टिकत नाही. प्रोटॉन अमिनो गटाकडून कार्बोक्झिलेट गटाकडे परत जातो आणि उदासीन रेणू उरतो. अशा वेळी कंपने काढायची तरी वेगळ्याच रेणूची निघतात.

प्रथिनांच्या अभ्यासात अमाइड-१ हा पट्टा महत्त्वाचा आहे. तो मुख्यतः कार्बन-ऑक्सिजन द्विबंधाच्या ताणण्यामुळे उद्भवतो. पेप्टाइड बंधाचे साधे प्रतिरूप मानल्या जाणाऱ्या एन-मिथिलअॅसिटामाइडमध्ये हा पट्टा वायुरूपात सुमारे १७३० प्रति सेंमी येथे, तर पाण्यात त्याहून बऱ्याच कमी कंप्रतेला आढळतो. प्रथिनांतील आल्फा सर्पिल (सुमारे १६५५) व बीटा पत्रक (सुमारे १६३०) यांच्या पट्ट्यांतील अंतर या सरकण्यापेक्षा बरेच कमी आहे. त्यामुळे द्रावकाचा चुकीचा अंदाज प्रथिनाच्या रचनेविषयी चुकीच्या निष्कर्षाकडे नेऊ शकतो.

पद्धती

* अखंड माध्यम प्रतिरूप: यात द्रावक एकसंध माध्यम मानला जातो आणि रेणू त्यातील पोकळीत ठेवला जातो. लार्स ऑनसॅगर यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या कल्पनेचा विकास १९८१ मध्ये मिएर्तुश, स्क्रोको व तोमासी यांनी केला. गणन जलद होते; परंतु ठरावीक दिशेने जुळणारे हायड्रोजन बंध त्यात दिसत नाहीत.
* प्रत्यक्ष द्रावक प्रतिरूप: यात पाण्याचे रेणू स्वतंत्रपणे मांडले जातात. रेणवीय गतिकीतून मिळालेल्या अनेक क्षणचित्रांसाठी कंप्रता काढून पट्ट्याचे स्थान व रुंदी ठरवतात.
* मिश्र पद्धती: कंप पावणाऱ्या भागासाठी पुंजयामिकी व उर्वरित भागासाठी अभिजात यामिकी वापरतात. वॉर्शेल व लेव्हिट यांनी १९७६ मध्ये लायसोझाइमच्या अभ्यासात हा मार्ग दाखवला. कारप्लस यांच्यासह त्यांना २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मर्यादा

बहुतेक गणनांत कंपने प्रसंवादी मानली जातात. प्रत्यक्ष कंपने तशी नसल्याने काढलेल्या कंप्रता अनेकदा जास्त येतात व त्यांना अनुभवजन्य गुणकाने गुणावे लागते. या गुणकामुळे द्रावकाच्या वर्णनातील त्रुटी झाकली जाऊ शकते. म्हणून केवळ एका पट्ट्याचे स्थान जुळले, हा प्रतिरूप योग्य असल्याचा पुरेसा पुरावा मानला जात नाही.