अमळनेरची गिरणी, शाळा आणि संगणकविद्या

संगणकविद्येच्या प्रसाराकरिता शाळांनी उद्योगधंद्यांशी सहकार्य करावे, असा उपदेश हल्ली आपणांस चोहोंकडून ऐकावयास मिळतो. उपदेश योग्यच आहे. परंतु तो करणारांच्या बोलण्यावरून असे वाटते की, ही दोन्ही मंडळी आजवर एकमेकांस अनोळखीच होती. खानदेशचा इतिहास निराळे सांगतो, आणि तो ध्यानी घेतल्यावाचून या सहकार्याचे बेत आखणे आम्हांस धोक्याचे वाटते.

बोरी नदीकाठच्या अमळनेर गावी श्रीमंत मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रताप शेट यांची कापडगिरणी होती. धुळ्याची न्यू प्रताप मिलही त्यांच्याच नावाची. कापूस खानदेशच्या काळ्या जमिनीतला. या गिरणीमालकाने विद्येकडे कोणत्या दृष्टीने पाहिले? 1916 साली त्यांच्या आश्रयाने अमळनेरास तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, आणि अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासासाठी पदवीधर तेथे शिष्यवृत्तीवर येऊन राहू लागले. सूत कातणाऱ्या गिरणीस शांकरभाष्याचा उपयोग काय, असे कोणा व्यवहारी गृहस्थाने खासच म्हटले असेल! त्यांचेच नाव धारण करणाऱ्या प्रताप हायस्कुलात 1924 पासून 1930 पर्यंत साने गुरुजी शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वहस्ते दैनिक लिहून काढीत. गिरणीस लागणारे जॉबर व कारकून तयार करण्यात या शिक्षकाचा जन्म गेला नाही. मालकाची आवडनिवड त्या दानात होतीच, परंतु गिरणीची गरज तीत नव्हती, आणि शिक्षकाचे स्थान तर पक्के होते. आमच्या मते हीच त्या व्यवस्थेची खरी थोरवी.

पुढे 1945 साल उजाडले. या एकाच वर्षी अमळनेरास प्रताप कॉलेज निघाले आणि डिसेंबरच्या 29 तारखेस वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदली गेली. महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांच्या या कारखान्यातून वनस्पती तूप व कपडे धुण्याचा साबण बाहेर पडे. 1966 साली ते वारले, तेव्हा एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून परत आले. 1978 साली आयबीएम ही अमेरिकन कंपनी सरकारी अटी न पटल्यामुळे भारतातून निघून गेली, आणि त्या मोकळ्या जागेत जी देशी मंडळी उतरली तीत ही तेलसाबणाची कंपनीही होती. विप्रो हे नाव आज जगास ठाऊक आहे. तिचे भाग ज्या अमळनेरकरांनी पूर्वी घेऊन ठेवले, त्यांचे नशीब उघडल्याच्या गोष्टी खानदेशात घरोघर सांगितल्या जातात. परंतु संगणकाचे काम अमळनेरास नव्हे, तर बंगळुरास वाढले. गावाच्या वाट्यास लाभांश आला, विद्या आली नाही.

विद्येचा सहकार कंपनीने केला नाही असे मात्र नव्हे. 1995 साली तिने पिलानीच्या बिर्ला संस्थेशी करार केला. विज्ञानाच्या साध्या पदवीधरास नोकरीत घ्यावयाचे, आठवडाभर त्याने काम करावयाचे, शनिवारी वर्गात बसावयाचे, आणि काही वर्षांनी त्याने उच्च पदवी मिळवावयाची, अशी ती योजना. अभियांत्रिकीचा खर्च ज्या घरांना झेपत नाही, त्यांतील मुलांस तिने मोठा आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. पण पदवी हाती आल्यानंतरची ही सोय आहे. शाळकरी मुलाचे काय?

शाळांसाठी केंद्र सरकारने 1984 साली बीबीसी मायक्रो नावाची ब्रिटिश यंत्रे मागवून एक योजना सुरू केली होती. पुढे 2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांतील खासगी वर्ग व शाळा-कॉलेजे एका सूत्रात ओवली. लक्षावधी लोकांचे हात त्यामुळे यंत्रावर बसले. तथापि यंत्र चालविणे निराळे आणि संगणकशास्त्र निराळे; सायकल चालविणारास कोणी यंत्रशास्त्रज्ञ म्हणत नाही.

सर्वांत बोधक प्रकार याहून पुढचा आहे. केंद्राची शालेय संगणक योजना 2004 च्या अखेरीस निघाली. महाराष्ट्रात तिचा पुष्कळसा भाग खासगी ठेकेदारांकडे गेला. कंपनीने शाळेत संगणककक्ष उभारावा, पाच वर्षे तो चालवावा, त्यासाठी शिक्षकही तिनेच नेमावा, आणि मुदत सरली की सारे शाळेच्या स्वाधीन करावे! कागदावर यापरते सुंदर सहकार्य ते कोणते? मुदत सरली. यंत्रे शाळेची झाली. शिक्षक मात्र कोणाचाच राहिला नाही. कायम करा म्हणून या संगणकशिक्षकांनी आंदोलने केली. यंत्राचे हस्तांतर होते तसे शिक्षकाचे होत नाही, ही गोष्ट करार लिहिणाराच्या ध्यानीच आली नसावी.

अझीम प्रेमजी यांच्याच शिक्षणसंस्थेने प्रारंभी संगणकाद्वारे पाठ देण्याचा मोठा प्रयोग केला होता. अनुभवान्ती तिने त्यावरील भर काढून घेतला व शिक्षकांच्या तयारीकडे आपले बळ वळविले. ज्यांचा धंदाच संगणकाचा, त्यांनी हा निर्णय करावा, यास आम्ही फार किंमत देतो.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने माध्यमिकपूर्व वर्गांतच संगणकलेखनाचे पाठ सुचविले आहेत. धुळ्यास 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जळगावास 1990 पासून विद्यापीठ आहे, शिरपुरास 2001 पासून तंत्रशिक्षणाची संस्था आहे. तेव्हा शिकवू शकणारे तरुण जिल्ह्यात नाहीत ही सबब चालणार नाही. नवा कारखानदार देणगी घेऊन शाळेच्या दारी येईल, तेव्हा यंत्रे किती देता हे मुख्याध्यापकांनी मागाहून विचारावे. सहाव्या वर्षी शिक्षकाचा पगार कोण देणार, हे आधी विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.