तुर्कीनोचा उतार: ३ एप्रिल १९१०

पहाटे, मिलान

रविवार. मिलान ते सान रेमो, सुमारे २९० किलोमीटर. १९०७ साली सुरू झालेल्या या शर्यतीचं हे चौथं वर्ष. इटलीत हिला वसंताची शर्यत म्हणतात. लोंबार्दीच्या सपाटीवरून निघायचं, मध्ये एक डोंगररांग ओलांडायची आणि पलीकडे भूमध्य समुद्राच्या कडेकडेने सान रेमो गाठायचं. थंडीतून उन्हात नेणारी वाट म्हणून तिचं कौतुक.

आज मात्र डोंगरात बर्फ पडलंय. तुर्कीनो खिंडीचा रस्ता चालू आहे का, याची आयोजकांनी चौकशी केली. अवघड आहे, पण जाता येईल, असं उत्तर आलं. शर्यत घ्यायचं ठरलं.

माझ्या मते त्या दिवसाचा निकाल इथेच लागला. रस्त्याची चौकशी झाली. पण घामाने आणि पावसाने भिजलेला माणूस त्या रस्त्याने पलीकडे उतरेल तेव्हा त्याच्या अंगात किती ऊब उरलेली असेल, हा विचार कुणी केला नाही.

सकाळी सहाच्या सुमारास

साठहून अधिक जण निघतात. अंगात लोकरी जर्सी, खाली आखूड चड्डी, सायकलला आजच्यासारखे गिअर नाहीत. गेल्या वर्षीचा विजेता लुइजी गाना आहे. इटलीची पहिली जिरो शर्यतही त्यानेच जिंकली होती. १९०८ चा विजेता, बेल्जियमचा सिरिल व्हान हाउवार्ट आहे. त्याच्याच आल्सियों संघात पंचवीस वर्षांचा फ्रेंच गडी युजेन क्रिस्तोफ आहे. मुळात हा कुलूपकाम शिकलेला. हिवाळ्यात शेताबांधांतून, चिखलातून सायकल दामटण्याच्या सायक्लोक्रॉस शर्यतीत तो फ्रान्सचा विजेता होता. चिखल आणि गारठा त्याला नवे नव्हते.

साडेआठ-नऊ, वोगेराच्या आसपास

अजून सपाटीच आहे. रस्ता वितळलेल्या बर्फाने राड झालेला, वारा बोचरा. अंग गरम ठेवायला क्रिस्तोफ मध्येच सायकलवरून उतरून तिच्या बाजूने पळतो. या घटकेला संकट कुणाला दिसत नाही, पण जमा होऊ लागलंय. आतून घामाने आणि बाहेरून चिखलपाण्याने लोकर भिजते आहे. पाणी अंगातली उष्णता हवेच्या जवळपास पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. तरी सगळे चालताहेत, कारण पाय फिरताहेत. सायकल चालवताना शरीर जी ऊर्जा जाळतं, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकाला लागतो. बाकीची उष्णता होऊन अंगात राहते. पाय हीच शेगडी.

सोलापुरातून डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पुणे महामार्गाने चिंचोळी एमआयडीसीपर्यंत सायकल मारणाऱ्याला ही ऊब ठाऊक असते. पहिल्या पाळीला कानटोपी घालून निघालेल्या कामगारालाही ठाऊक असते. रस्ता सपाट, पॅडल सुटत नाही, पहिली दहा मिनिटं काकडायला होतं आणि मग जॅकेटची चेन खाली येते. थंडीबद्दलचं आपलं शहाणपण अशा रस्त्यावर तयार होतं आणि तेच घेऊन आपण वाईहून पसरणीचा घाट चढायला जातो. चढताना ते खरंही ठरतं.

अकराच्या पुढे, ओवादा सोडल्यावर

चढ लागतो, पावसाचं बर्फ होतं. पुढची फळी विस्कटली आहे. कुणी गावातल्या घरात शिरलंय, कुणी माघारी वळलंय. मागे वळणाऱ्यांना त्या दिवसाच्या कथेत कुठे जागा मिळत नाही. मला मात्र ते त्या दिवसातले सर्वांत शहाणे वाटतात.

इथे एक आकडा सांगायलाच हवा. तुर्कीनो खिंडीची उंची ५३२ मीटर. सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे आणि लोणावळा सहाशेच्या वर. म्हणजे ज्या खिंडीने त्या दिवशी युरोपातले नावाजलेले सायकलपटू मोडले, ती आपल्या लोणावळ्यापेक्षा बुटकी होती! आणि तारीख एप्रिलची, सोलापुरात उन्हाने डोकं भणभणायला लागतं तेव्हाची. ‘उंच नाही’ आणि ‘हिवाळा सरला’ या दोन समजुतींवर डोंगरात जीव टांगू नये, ते यासाठी.

मध्यान्हीच्या सुमारास, खिंड

क्रिस्तोफची बोटं ताठरली आहेत, पाय बधिर आहेत, अंगाला कापरं भरलंय. रक्त फिरावं म्हणून तो आळीपाळीने चालतो आणि पळतो. व्हान हाउवार्ट काही मिनिटं पुढे आहे. माथ्यावर एक छोटा बोगदा आहे. तो ओलांडून क्रिस्तोफ बाहेर येतो तर समोर वीतभर बर्फ. थोडं पुढे व्हान हाउवार्ट भेटतो, अंगावर घोंगडीवजा झूल घेऊन उलट येणारा. माझं संपलं, म्हणतो.

क्रिस्तोफ आता पहिला आहे.

त्यानंतरची काही मिनिटं

उतारावर पाय थांबतात, म्हणजे शेगडी विझते. आणि त्याच क्षणी वारा वाढतो. हवा शून्य अंशावर असताना ताशी चाळीस किलोमीटरचा वारा लागला, तर कोरड्या कातडीलाही उणे सात अंशांसारखा झोंबतो. इथे कातडी ओली आहे. बर्फाच्या ढिगाऱ्यांपाशी सायकल ढकलावी लागते, म्हणून गाव लवकर येत नाही. शरीराचं आतलं तापमान पस्तीस अंशांखाली गेलं की हातांवरचा ताबा सुटतो, ब्रेक दाबवत नाही, आणि सर्वांत वाईट म्हणजे आपण धोक्यात आहोत हे कळेनासं होतं.

क्रिस्तोफच्या पोटात कळ येते. एक हात सायकलवर, दुसरा पोटावर, असा तो रस्त्याकडेच्या दगडावर कोसळतो. मान तेवढी थोडी हलते. जवळच एक घर दिसतंय, पण तिथवर जाण्याचं त्राण नाही. पुढे त्याने स्वतःच सांगितलं, की आपण किती धोक्यात आहोत हे तेव्हा उमगलं नव्हतं. डोक्यात फक्त सान रेमो होतं, आणि जिंकल्यास दुप्पट होणारा पगार.

शर्यतीचा कुणी माणूस तिथे नाही. एक वाटसरू येतो, त्याला उचलून त्या घरात नेतो.

पुढची पंचवीस-तीस मिनिटं, खानावळ

ते घर म्हणजे एक लहानशी खानावळ निघते. मालक त्याचे ओले कपडे पार उतरवतो आणि त्याला घोंगडीत गुंडाळतो. आजच्या प्रथमोपचारातही पहिली पायरी हीच आहे. क्रिस्तोफ अंग चोळतो, हातपाय हलवतो. तेवढ्यात व्हान हाउवार्ट आणि शर्यतीतलाच एर्नेस्ट पॉल आत येतात. दोघे इतके गारठलेले की हात थेट आगीच्या ज्वाळेत धरतात. पॉलच्या एका पायात बूट नाही. तो कुठे पडला याचा त्याला पत्ताही नाही.

खिडकीबाहेरून चिखलाने माखलेले चार जण पुढे जाताना दिसतात आणि क्रिस्तोफ उठतो. मालक सोडायला तयार नसतो, तेव्हा त्याला बतावणी करून निघावं लागतं. अंगात आता त्या घरातली कोरडी लांब विजार.

त्या दिवशी जो जिंकला, तो अर्धा तास थांबून, कोरडा होऊन निघालेला माणूस होता, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्या घाटांतल्या सायकल मोहिमांत पाण्याच्या बाटल्या, केळी आणि डॉक्टर चढावर उभे असतात. उतार सुरू होतो तिथे कोरडे कपडे, विंडचीटर आणि बसायला बंद गाडी असायला हवी. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी जून २०२२ मध्ये लेह ते मनाली अंतर सायकलवर ५५ तास १३ मिनिटांत कापलं, तेव्हा वाटेत त्यांना दोनदा प्राणवायू घ्यावा लागला. प्राणवायू सोबत होता, म्हणून तो घेता आला.

संध्याकाळी सहाच्या पुढे, सान रेमो

किनाऱ्यावर एकेकाला मागे टाकत क्रिस्तोफ एकटा पोचतो. वेळ १२ तास २४ मिनिटं. अर्ध्या तासाहून अधिक वेळाने गाना येतो, पण वाटेत वाहनाची मदत घेतल्याने बाद ठरतो. दुसरा क्रमांक जोव्हान्नी कोक्कीला, तो तासाभराने मागे. मग मार्केसे. चौथा एन्रिको साला, दोन तासांहून अधिक मागे. निकालात नावं एवढीच: चार.

क्रिस्तोफ महिनाभर रुग्णालयात होता. तब्येत पूर्ववत व्हायला दोन वर्षं लागली.

१७ मार्च २०१३ रोजी त्याच वाटेवर पुन्हा बर्फ पडलं. या वेळी आयोजकांनी ओवादाला शर्यत थांबवली. सायकलपटू संघांच्या बसमध्ये चढले, तुर्कीनो वगळला आणि पलीकडे किनाऱ्यावर शर्यत पुन्हा सुटली. बसमधून उतरल्यावर काहींनी सायकलवर बसायलाच नकार दिला. २०१६ पासून जागतिक सायकल महासंघाने अशा हवामानासाठी नियमावली लागू केली. त्यानुसार शर्यतीआधी आयोजक, सायकलपटू, संघ, डॉक्टर आणि पंच एकत्र बसतात, आणि मार्ग बदलायचा की शर्यत रद्द करायची हे ठरवतात.