बंद शाळा आणि उघडा हजेरीपट

शाळेच्या इमारतीस कुलूप पडलें म्हणजे शाळा संपली काय? हा प्रश्न इ. स. 2020 च्या मार्च महिन्यांत आम्हां सर्वांपुढें अकस्मात् उभा राहिला. ज्युबिलीच्या प्रसंगीं धर्मग्रामाच्या इमारतींचें व देणगीदारांचें स्मरण होतें, तें योग्यच आहे. परंतु त्या कठीण काळांत शाळांचा भार वाहणाऱ्या मुख्याध्यापकांचें स्मरण करणें आम्हांस तितकेंच अगत्याचें वाटतें.

कोरोनाच्या सांथीमुळें मार्चच्या मध्यास महाराष्ट्रांतील शाळा बंद होऊं लागल्या, व 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. दहावीच्या परीक्षेंतील भूगोलाचा पेपर तेवढा उरला होता. तोही अखेर रद्द झाला. 15 जून रोजीं नवें शैक्षणिक वर्ष सुरू झालें, तें वर्गांत नव्हे, तर मोबाईलच्या पडद्यावर. ज्यांचा जन्म खडू-फळ्यांत गेला, त्या शिक्षकांस व्हॉट्सॲपवर पाठ कसा पाठवावा येथून आरंभ करावा लागला. मुख्याध्यापकांचें काम तर दुहेरी झालें: शिक्षकांस शिकवावयाचें आणि पालकांस धीर द्यावयाचा.

तथापि खरी कसोटी निराळीच होती. 'असर' या पाहणीनुसार 2020 सालीं ग्रामीण भारतांतील शाळकरी मुलांपैकीं शेंकडा 61.8 मुलांच्या घरीं स्मार्टफोन होता. 2018 सालीं हें प्रमाण 36.5 होतें. वाढ मोठी खरी; परंतु शंभरांतील सुमारें 38 मुलांच्या घरीं तो नव्हताच, आणि कित्येक घरीं होता तो बापाबरोबर कामावर जाई. वर्गांत गैरहजर मूल रिकाम्या बांकावरून कळतें. पडद्यावर रिकामें बांक दिसत नाहीं. म्हणून जो मुख्याध्यापक "किती मुलें आलीं?" एवढ्यावर न थांबतां "कोण राहिलें?" असें विचारी, त्याच्याच शाळेचा हजेरीपट खऱ्या अर्थानें उघडा राहिला.

राहिलेल्यांसाठीं मार्गही निघाले. 20 जुलै 2020 पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पाठमाला सुरू झाली. आमच्या वसईच्याच पालघर जिल्ह्यांत स्वयंसेवकांनीं ध्वनिक्षेपक घेऊन आदिवासी पाड्यांवर पाठ ऐकविले. सोलापुरांत नीलमनगर या श्रमिकांच्या वस्तींत तर शिक्षकांनीं घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. येतांजातां मुलें तीं अक्षरें वाचूं लागलीं. या उपायांत यंत्राचें महत्त्व कोठें अधिक, कोठें उणें. पण मूल जेथें आहे तेथें शाळेनें जावें, हें सूत्र सर्वत्र एकच होतें.

4 ऑक्टोबर 2021 रोजीं ग्रामीण भागांत पांचवीपासूनचे व शहरांत आठवीपासूनचे वर्ग भरूं लागले. जानेवारी 2022 मध्यें ते पुन्हां मिटले व त्याच महिन्याच्या 24 तारखेपासून पुन्हां उघडूं लागले. घंटा वाजली, अंगण गजबजलें. पण एखादें नांव पुकारलें जाऊन उत्तर न येणें, हें त्या वर्षांचें खरें दुःख होय. पुढें संकट कोणतेंही येवो, आमच्या शाळांच्या चालकांनीं पहिल्याच दिवशीं त्या न आलेल्या मुलाचें दार ठोठवावें, एवढीच आमची विनंती आहे.