एसएमपीएस उडाल्यानंतर : संगणकातील बिघाड शोधण्याच्या पद्धतीचा इतिहास

संगणकाचा वीजपुरवठा जळाला की पहिला प्रश्न एकच असतो : तो एकटा गेला, की जाताना मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क यांनाही घेऊन गेला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत गेल्या पन्नासेक वर्षांत अनेकदा बदलली. संगणकाच्या आत विजेचा रस्ता जसजसा बदलत गेला, तसतसा संशयाचा क्रमही बदलत गेला.

१९७० च्या दशकातील बहुतेक यंत्रांत रेषीय पुरवठा असे. जड ट्रान्सफॉर्मर आणि जादा दाब उष्णतेच्या रूपाने घालवणारा ट्रान्झिस्टर, असा त्याचा साधा कारभार. हा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर पाच व्होल्टच्या तारेवर मागचा कच्चा दाब सरळ उतरत असे. त्या काळच्या टीटीएल चिप ४.७५ ते ५.२५ व्होल्टवर चालत आणि सात व्होल्टच्या वर त्यांचा भरवसा संपे. म्हणजे एका ट्रान्झिस्टरपायी अख्खा बोर्ड जाऊ शकत होता. यावर ‘क्रोबार’ हा उपाय आला : दाब मर्यादेबाहेर गेला की थायरिस्टर आउटपुट मुद्दाम शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. त्यामुळे फ्यूज उडालेला दिसला तरी तो बदलून यंत्र चालू करणे धोक्याचे होते. क्रोबारने तो कशासाठी उडवला, हे आधी शोधावे लागे.

१९७७ च्या ॲपल २ मध्ये रॉड होल्ट यांनी हलका, कमी तापणारा स्विचिंग पुरवठा बसवला आणि पुढे वैयक्तिक संगणकांत हीच रचना रूढ झाली. भारतात तिला सरसकट ‘एसएमपीएस’ म्हणतात. यात २३० व्होल्टचा प्रवाह आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतो, मग वेगाने चालूबंद होऊन छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जातो आणि तिथे ५ व १२ व्होल्टमध्ये उतरतो. मेनकडची बाजू शॉर्ट झाली तर मोठा आवाज होतो, जळका वास येतो, फ्यूज जातो. पण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचे भाग बहुधा वाचतात, कारण तिकडे वीज जाणेच थांबते. खरा घात होतो तो दाबाची खबर मागे देणारी साखळी बिघडल्यावर. दाब कमी पडतोय असे समजून पुरवठा जोर वाढवत राहतो. यात आवाजही होत नाही, वासही येत नाही. धडाका ऐकून घाबरणे आणि गुपचूप मेलेल्या पुरवठ्याला निरुपद्रवी समजणे, या दोन्ही गोष्टी म्हणूनच फसव्या आहेत.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याचा पुरवठा फक्त ६३.५ वॉटचा होता. १९८३ च्या एक्सटीत तो १३० वॉट आणि १९८४ च्या एटीत १९२ वॉट झाला. निदानाच्या दृष्टीने वॉटपेक्षा मोलाची होती ती ‘पॉवर गुड’ नावाची तार. सर्व दाब स्थिरावल्याची खूण तिच्यावर आल्याशिवाय प्रोसेसर कामाला लागत नसे. त्यामुळे पंखा फिरतोय पण पडदा काळा, अशा संगणकात ही तार मोजणे हे पहिले काम ठरले. पुढे यंत्र स्वतःची तपासणी करी : एक छोटी बीप म्हणजे सर्व ठीक, पडद्यावर २०० च्या घरातला आकडा आला तर मेमरी, १७०० च्या घरातला आला तर हार्ड डिस्क. एटीपासून तपासणीच्या प्रत्येक पायरीचा संकेत एका ठरावीक पोर्टवर येऊ लागला आणि तो दाखवणारी कार्डे दुरुस्तीवाल्यांच्या हाती आली. बोर्ड कोणत्या पायरीवर अडला, ते दोन आकड्यांत कळू लागले.

याच एटीने आणखी एक धडा दिला. हार्ड डिस्कशिवाय विकलेल्या एटीत आयबीएम ५ ओहम, ५० वॉटचा एक रेझिस्टर भार म्हणून बसवत असे, कारण भार नसेल तर पुरवठा नीट चालतच नसे. टेबलावर सुटा ठेवून मोजलेल्या एसएमपीएसच्या आकड्यांवर विसंबू नये, या नियमाचे मूळ इथे आहे. एटीचा दुसरा धोका प्लगांचा होता. बोर्डाला जाणारे पी-८ आणि पी-९ हे दोन प्लग अगदी सारखे होते. काळ्या तारा मधोमध एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत, हे विसरून अदलाबदल झाली की बोर्ड जागच्या जागी जाई.

महाराष्ट्रात हा धंदा फोफावला तो १९९० च्या दशकात, ‘असेंबल्ड’ संगणकांबरोबर. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही त्याची मोठी ठिकाणे. तिथे निदान चाले ते बदलून बघण्याने : टेस्टिंगचा एसएमपीएस लावायचा, रॅमचे सोनेरी पाय खोडरबराने घासून पुन्हा बसवायचे, मग एकेक कार्ड काढत जायचे. ही रीत झटपट आहे, पण तिचा क्रम चुकला तर महागात पडते. संशयित एसएमपीएसवर चांगली रॅम लावली, तर तीही जाते. उलट प्रकारही होतो. बोर्डावर शॉर्ट असेल तर चांगला एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. पंखा एक गिरकी घेतो आणि थांबतो. तेवढ्यावरून एसएमपीएस बाद ठरवणारे दुकानदार कमी नव्हते. बोर्डाचे प्लग काढून पंखा टिकतो का, हे पाहिले की गैरसमज मिनिटात दूर होतो.

त्या काळच्या एसएमपीएसच्या पाठीवर ११५ आणि २३० असा सरकता लाल खटका असे. तो ११५ वर राहिला आणि प्लग आपल्याकडच्या सॉकेटमध्ये गेला, तर आतले मंडल दाब दुप्पट करायला जाई. ३२५ चे सुमारे ६५० व्होल्ट होत आणि प्रत्येकी २०० व्होल्ट सोसणारे दोन मोठे कपॅसिटर फुटत. आवाज भयंकर, पण वर सांगितल्याप्रमाणे नुकसान बहुतेकदा एसएमपीएसपुरतेच. २००० नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत, वीज जाऊन परत येताना बसणारा झटका हे ग्रामीण भागात एसएमपीएस जाण्याचे नेहमीचे कारण होते.

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स मानक आणले, तेव्हा दोन प्लगांच्या जागी एकच २० पिनांचा, उलटा न बसणारा प्लग आला. हिरवी तार काळ्या तारेला जोडली की पुरवठा बोर्डाशिवायही चालू करता येऊ लागला. साधी यू-पिन त्याला पुरे. मात्र याच मानकाबरोबर एक नवी बाजू उघडली. जांभळ्या तारेवरचे पाच व्होल्ट संगणक बंद असतानाही चालू राहतात. त्या काळच्या स्वस्त एसएमपीएसमध्ये हे स्टँडबाय मंडल दोन ट्रान्झिस्टरवर चाले आणि त्यातला एक छोटा कपॅसिटर सुकला की दाब वर चढे. रात्री नीट बंद केलेला संगणक सकाळी मेलेला सापडण्याचे हे एक खरे कारण होते. त्यात बहुतेकदा स्टँडबायवर चालणारी साउथब्रिज चिप जाई आणि प्रोसेसर, रॅम शाबूत असत.

मानकाने संरक्षणाच्या मर्यादाही आखल्या. बाराच्या तारेवर दाब १३.४ ते १५.६ व्होल्टदरम्यान, पाचाच्या तारेवर ५.७४ ते ७ व्होल्टदरम्यान पुरवठा बंद पडलाच पाहिजे. या आकड्यांत मोठी ढिलाई आहे. नियम पाळणारा एसएमपीएससुद्धा बंद होण्याआधी हार्ड डिस्कला १५ व्होल्ट देऊ शकतो.

२००० मध्ये पेंटियम ४ साठी चार पिनांचा वेगळा १२ व्होल्टचा प्लग आला आणि प्रोसेसरची वीज बोर्डावरच्या मॉस्फेटांमधून थेट या बारा व्होल्टपासून तयार होऊ लागली. पुरवठ्याचा दाब वाढला तर आता आधी मॉस्फेट आणि कपॅसिटर मार खातात. प्रोसेसर बऱ्याचदा वाचतो. पण वरचा मॉस्फेट शॉर्ट झाला तर बारा व्होल्ट जवळजवळ दीड व्होल्टच्या प्रोसेसरवर जातात. म्हणून बोर्ड बाजूला काढून, वीज न देता, मल्टिमीटर बझरवर ठेवून चार पिनांच्या प्लगची पिवळी बाजू जमिनीशी तपासणे ही पद्धत पडली. बझर सलग वाजला तर त्या बोर्डावर नवा एसएमपीएस किंवा नवा प्रोसेसर लावू नये.

याच सुमारास, १९९९ ते २००७ च्या दरम्यान, सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरातल्या बोर्डांत आणि एसएमपीएसमध्ये गेले. कपॅसिटरच्या वरच्या खाचा फुगत आणि तपकिरी डाग पडत. डोळ्यांनी दिसणारा हा बिघाड एरवी दुर्मीळच, त्यामुळे निदान सोपे झाले. पण फुगलेला कपॅसिटर एसएमपीएसमुळे गेला की स्वतःच्या दोषाने, हे त्यावरून ठरत नाही.

हार्ड डिस्कच्या बोर्डावर पाच आणि बाराच्या तारांशेजारी छोटे टीव्हीएस डायोड असतात. दाब वाढला की ते शॉर्ट होऊन मागचे भाग वाचवतात. अशी डिस्क लावली की अख्खा संगणक चालू होत नाही आणि काढली की होतो, ही त्याची ओळख. डायोड काढून टाकल्यावर डिस्क पुन्हा फिरू लागते, मात्र संरक्षण गेलेले असते, म्हणून आधी माहिती उतरवून घेतात. बोर्डच जळाला असेल, तर जुन्या डिस्कना त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लागू पडे. २००० च्या दशकाच्या मध्यापासून प्रत्येक डिस्कचे स्वतःचे समायोजन आठ पायांच्या एका चिपमध्ये राहू लागले आणि ती चिप नव्या बोर्डावर हलवल्याशिवाय डिस्क वाचत नाही. एसएसडीत हा मार्गही बहुतेकदा बंद असतो. अनेक एसएसडींचा कंट्रोलर माहिती सांकेतिक रूपात लिहितो, त्यामुळे तो जळाल्यावर मेमरी चिप शाबूत असूनही वाचता येत नाहीत.